आम्ही दुरुस्त केलेली कादंबरी

तू पाठवलेलं पुस्तक पोचलं तेव्हा मी फोनवर "मिळालं" एवढंच सांगितलं होतं. पुढे तू विचारलंस, आजी, कसं वाटलं, तर मी "ठीक आहे" म्हणाले आणि तुम्ही दोघं भावंडं हसलात. माझ्या तोंडचं "ठीक आहे" म्हणजे काय ते तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. पण या उन्हाळ्यात नेरला त्या पुस्तकाचं जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. माझ्या शेजारणीला आपल्या हरवलेल्या बहिणीला मेलेली म्हणायचं की नाही हे ठरवायचं होतं, आणि ते ठरवण्यासाठी ती त्या कादंबरीच्या शेवटच्या पानाची वाट बघत बसली होती. हे असं एका वाक्यात सांगितलं तर तुम्हाला वाटेल, आजीचं वय झालं. म्हणून क्रमानं लिहिते.

आधी पुस्तकाबद्दल, म्हणजे तो भाग हातावेगळा होईल. त्याचा इथे किती गाजावाजा झाला होता याची तुम्हाला तिकडे कल्पना येणार नाही. इंग्रजी कादंबरी, आणि तीही विदर्भातल्या एका लहान कापूसगावातली प्रेमकहाणी. लेखिका कधीतरी नेरच्या स्टँडवर चहा प्यायली होती असं कोणीतरी उठवलं आणि मग ते गाव नेरच आहे हे सगळ्यांनी ठरवून टाकलं. कॉलेजची मुलं स्टँडवर उभी राहून मुखपृष्ठासकट स्वतःचे फोटो काढत होती. बाजारातल्या ज्या दुकानात गाइडांशिवाय दुसरं काही मिळत नाही, तिथेही ते दर्शनी टांगलेलं होतं. वाचलेला एकही माणूस मला भेटला नाही, पण ते अप्रतिम आहे हे सगळे जण सांगत होते.

मलाही मोह झाला, हे खरं. मी आयुष्यभर इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या आणि शिकवल्या. ज्या देशात कधी पाऊल ठेवलं नाही तिथल्या गल्ल्या, तिथली कुंपणं, पावसात भिजलेले कोट मला पाठ आहेत. मनात आलं, एकदा तरी कोणी त्याच बारकाईनं आपल्याकडचं लिहिलं असेल. पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, शिसपेन्सिलीला टोक केलं आणि वाचायला बसले.

त्यातल्या गावाला नदी आहे आणि नदीत नावा आहेत. गावाला रेल्वे स्टेशन आहे, त्यावर गुलमोहर आहे. नायिका पांढरा पोशाख घालून, हातात वेताची टोपली घेऊन, झिमझिम पावसात कापूस वेचते. परदेशातून आलेला नायक तिला पाहतो. मग ती दोघं जिलेबी खातात. दर दोन प्रकरणांनी जिलेबी खातात. गावातला प्रत्येक म्हातारा शहाणपणाचं बोलतो आणि प्रत्येक म्हातारी डोळे पुसते. आणि ती मुलगी? तिचे डोळे मोठे आहेत, तिचं हसू पैंजणासारखं आहे. बस. ती कशी चालते, काय बोलते, तिच्या हाताला कापसाच्या बोंडांनी ओरखडे पडतात का, एक अक्षर नाही. लेखिकेनं तिच्या जागी नुसता सुगंध ठेवला होता.

मला राग आला नाही. पाहुणा येणार म्हणून घर आवरून बसावं आणि तो आधीच्याच थांब्यावर उतरून परत जावा, तसं झालं. पुस्तक पुरं करून मी कपाटात ठेवलं.

ते बाहेर काढलं ते बायकांनी.

उन्हाळी कामं तुम्ही लहानपणी पाहिली आहेत. सकाळी गच्चीवर कुरडया, आणि दुपारी घरात बसून पापड. एकटीनं पापड होत नाहीत. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे असं करत सगळ्यांचे होतात. माझ्याकडे वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर आहे म्हणून या वर्षी दुपारी सगळ्या माझ्याच पुढच्या खोलीत जमायच्या. सगळ्या म्हणजे तिघी. एक माझी शेजारीण. साठी ओलांडलेली, कमी बोलणारी, तिच्या हातचा पापड उजेडात धरला तर पलीकडचं दिसावं असा. दुसरी तिची सून, नवीन, दिग्रसकडून लग्न होऊन आलेली, तोंडाची टकळी चालू. तिसरी समोरच्या गॅरेजवाल्यांची आई. तिला सगळी गल्ली खाला म्हणते, म्हणून मीही म्हणते. मला त्या मॅडम म्हणतात. मी लाटत नाही. माझं मनगट दुखतं. मी लाट्या करून देते.

सुनेनं पुस्तकाचं नाव काढलं. एवढं गाजलेलं आपल्या गावाचं पुस्तक, ते घरात आहे, इंग्रजी येणारं माणूस घरात आहे, आणि आपण आपले पापड लाटून राह्यलो, असं तिचं म्हणणं. खालानं तिला टोला दिला की मोबाइलमध्ये लोकांची लग्नं बघून तुझं पोट भरलं नाही म्हणून आता पुस्तकातलं बघायचं आहे. पण ऐकायचं तिलाही होतं. शेजारीण लाटत राहिली. मी हात धुऊन पुस्तक आणलं आणि इंग्रजी वाचत तोंडानं मराठीत सांगायला लागले.

पहिल्याच पानावर नदीतल्या नावा आल्या आणि तिघी थांबल्या.

"नाव कायची?" सून म्हणाली. "नाल्यात म्हशी बसत नाही आता, नाव कुठं चालवता?"

मी म्हणाले, लिहिलंय तसं वाचते आहे. खाला म्हणाली, "लिखनेवाली को मालूम नहीं तो क्या, आपको तो मालूम है ना, मॅडम. सही करके बोलो."

तिथून ते सुरू झालं. पुस्तकात चूक आली की लाटणी थांबायची, तिघी ती दुरुस्त करायच्या, आणि मग मी दुरुस्त केलेलं वाचून पुढे जायची. सुरुवातीला फार मजा आली. टोपली काढून आम्ही मुलीच्या कमरेला जुन्या लुगड्याचा ओटा, म्हणजे झोळी, बांधला, कारण इथे कापूस ओट्यातच वेचतात. पाऊस बंद केला. पांढरा पोशाख बदलला. खाला म्हणाली, पांढरं घालून शेतात कोण जातं, मय्यत है क्या. जिलेबीच्या जागी कधी भजी आली, कधी नुसता चहा. दुपार कशी जायची कळायचं नाही. बाहेर गल्ली पांढरी पडलेली, कुत्रंसुद्धा नाही, आणि आत चौघी जणी एका शहाण्या लेखिकेची गृहपाठाची वही तपासत बसलेल्या.

मग रेल्वे स्टेशन आलं. नायक शहरात परत जातो आणि नायिका रोज स्टेशनवर येऊन थांबते, असं ते प्रकरण. या पुस्तकातली सगळ्यात गाजलेली पानं तीच. सून म्हणाली, नेरले कुठं रेल्वे हाय, एसटी स्टँड म्हणा. तर मी मुलीला गुलमोहराखालून उठवलं आणि एसटी स्टँडवर आणून उभी केली. त्या दिवशी शेजारणीनं नेहमीपेक्षा कमी पापड लाटले, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, ऊन बाधलं.

आता मागे पाहिलं की दिसतं, ती मुलगी तिथूनच जवळ यायला लागली. नदीकाठचं घर आम्ही काढून टाकलं होतं, तेव्हा तिला दुसरं घर द्यावं लागलं. ते कुठे असावं यावर थोडी चर्चा झाली आणि ते आपोआप मागच्या गल्लीत गेलं, दारात कडुनिंब असलेलं. खालानं तिच्या हातात छत्री दिली, दांडी मोडलेली, सुतळीनं बांधलेली. सुनेनं सांगितलं की ती चालताना एक चप्पल घासते. मी विचारलं, असं का? सून म्हणाली, माहीत नाही, घासतेच. असं बोलताना ती लाटीकडे बघत होती, विचार करून काही सांगत नव्हती. दुसऱ्या दिवशी बसायला आल्यावर तिनं पहिलं विचारलं ते, "कुठवर आली आज?" नायिकेचं पुढे काय झालं, असं आता कोणी विचारत नव्हतं. कुठवर आली, असं विचारत होत्या.

चांगल्या कादंबरीत माणसं आपापल्या जागी घट्ट बसलेली असतात. तुम्ही त्यांना हलवू शकत नाही. या पुस्तकात एका मुलीची जागा मोकळी सोडलेली होती. मोकळ्या जागेत काय येऊन बसेल याचा विचार आमच्यापैकी एकीनंही केला नाही. चुका दिसल्या की आम्हाला राहवत नाही, आणि आम्ही त्या दुरुस्त करत गेलो.

अक्षय तृतीया जवळ आली होती. मी त्या दिवशी नायिका घरातून स्टँडवर जायला निघते तो भाग सांगत होते. सांगता सांगता ती दारात थांबली आणि माझ्या तोंडून निघालं, "मोठे, येतो वं मी."

तुम्हाला माहीत आहे, मी वऱ्हाडी बोलत नाही. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढले, नंतर शाळेत शिकवलं. इथे इतकी वर्षं राहूनही माझी भाषा पुस्तकीच राहिली आणि त्याबद्दल बायका माझी चेष्टाही करतात. बाईमाणसानं "येते" न म्हणता "येतो" म्हणणं इथे सगळीकडे ऐकू येतं, पण ते माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. ते वाक्य माझ्या आवाजात आलं आणि तरी मला ते दुसऱ्या कोणीतरी बोलल्यासारखं ऐकू आलं, थोडं घाईतलं, पायात चप्पल सरकवता सरकवता बोललेलं.

शेजारणीचं लाटणं थांबलं. तिनं वर पाहिलं नाही. पोळपाटावरचा पापड अर्धा लाटलेला होता, तो तसाच कडेनं सुकायला लागला. मग ती उठली, हात न धुता दाराशी गेली आणि घरी निघून गेली. सून तिच्यामागे धावली.

मी पुस्तकात ते वाक्य शोधलं. मागे गेले, पुढे गेले. मोठी बहीण म्हणून "मोठे" म्हणायचं, पण या नायिकेला बहीणच नाही. ती एकुलती एक आहे. लेखिकेनं ते तीनदा सांगितलं आहे.

खाला लाट्यांवर ओलं फडकं टाकून बसून होती. तिनं जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आजोबा निवृत्त झाल्यावर आपण या घरात राहायला आलो, त्याच्या पुष्कळ आधीची गोष्ट. शेजारणीचं माहेर गावातच, मागच्या गल्लीत. तिला एक धाकटी बहीण होती. यवतमाळला शिवणक्लासला जायची. उन्हाळ्याच्या दिवसात एकदा स्टँडवर गेली. बस आली, बस गेली. कंडक्टर म्हणाला, अशी मुलगी चढलीच नाही. स्टँडवर बसलेल्या माणसांपैकी कोणी तिला जाताना पाहिलं नाही, येताना मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं. विहिरी पाहिल्या, अमरावतीपर्यंत माणसं पाठवली. वडिलांनी पुढे भिंतीवरचे तिचे फोटो उतरवले.

"लोगों ने बहुत कुछ बोला," खाला म्हणाली. "फिर बोलना बंद कर दिया. वो ज्यादा बुरा था, मॅडम."

मी विचारलं की छत्रीची दांडी तुम्हाला आठवून तुम्ही सांगितली का.  खाला म्हणाली, तिला छत्री आठवत नाही. मुलगी आठवते, छत्री नाही. आणि ती चप्पल घासत चालायची खरी, पण ते सांगितलं सुनेनं, आणि सुनेला तर अशी कोणी मावससासू होती हेही माहीत नव्हतं. घरात नावच घेत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण आली. एकटी. मी चहा ठेवला, तिनं तो घेतला नाही. तिला जे विचारायचं होतं ते तिनं सरळ विचारलं नाही, आधी भावाचं सांगितलं. मागच्या गल्लीत आता तिचा भाऊ राहतो. अक्षय तृतीयेला आपल्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीच्या घागरी भरतात, तोंडावर आंबा ठेवतात, जेवू घालतात. दर वर्षी तो आईवडिलांच्या घागरी भरतो. या वर्षी त्यानं तिसरी घागर आणली आहे. त्याचं म्हणणं, आपण दोघंही म्हातारे झालो. आपण गेल्यावर तिला पाणी कोण देणार? इतकी वर्षं ती तहानलेली आहे. तर हिचं म्हणणं, घागर भरली की ती मेली. एकदा आपण ते आपल्या हातानं केलं तर ती परत आलीच तर कुठे येईल? यावरून बहीणभाऊ भांडले होते आणि शेवटी हिनं त्याच्याकडून मुदत मागून घेतली होती. मॅडमकडचं पुस्तक संपेपर्यंत थांब, असं ती त्याला म्हणाली होती. हे तिनं स्टँडचं प्रकरण ऐकल्यावरच सांगून ठेवलं होतं.

"पुढं काय होते तिचं?" तिनं विचारलं.

मी तिला समजावलं. म्हणाले, हे पुस्तक खोटं आहे, फार साधारण आहे, शहरातल्या एका बाईनं घरात बसून रचलेलं आहे. तिला तुझी बहीण माहीत असण्याचं काही कारण नाही.

"पुस्तक खोटं हाय, थे मलेबी समजते. मी का येडी हाय? पन काल तुमी बोलल्या थे पुस्तकात हाय का?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग?"

 ती पुढे जे बोलली ते भिंतीकडे बघत बोलली. त्या दिवशी ती बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. दारामागे बसून सरगुंडे वळत होती, म्हणजे कणकेचा पदर काडीवर गुंडाळत होती, दोन्ही हात पिठात. धाकटी दारात थांबली आणि म्हणाली, मोठे, येतो वं मी. हिनं हूं म्हटलं. मान वर केली नाही, कारण काडीवरचा पदर तुटला असता.

"थे कशी दिसून राह्यली होती, कोनती साडी होती, मले काहीच माहीत नाही," ती म्हणाली. "आता तुमच्या इथं बसलो त पाहून राह्यलो."

मला त्या क्षणी पुस्तक चुलीत घालावंसं वाटलं. पण आमच्या घरात चूल नाही, आणि ते केल्यानं काही थांबलं असतं असंही मला वाटत नाही. मी तिला शब्द दिला की सणाच्या आत संपवते.

आता शेवट मला ठाऊक होता. नायक परत येतो. स्टेशनवर गाडी थांबते, धूर विरतो, आणि ती तिथेच गुलमोहराखाली उभी असते, तेच मोठे डोळे घेऊन. लग्न लागतं, सगळं गाव नाचतं, लेखिका म्हाताऱ्यांना पुन्हा शहाणपणाचं बोलायला लावते. हे दुरुस्त करून वाचायचं तर काय दुरुस्त करायचं? ती स्टँडवर भेटली म्हणून सांगू? की भेटली नाही म्हणून? दोन्ही माझ्या हातात होतं, आणि मी जे बोलेन त्यावरून मागच्या गल्लीत एक घागर भरली जाणार होती किंवा नव्हती. तुमच्या आजोबांनी असल्या वेळी काय केलं असतं याचा विचार करून पाहिला. ते म्हणाले असते, बाई, तुला पगार वाचण्याचा मिळत होता, लिहिण्याचा नाही.

शेवटच्या बैठकीला पापड नव्हते. ते संपले होते. तरी तिघी आल्या आणि आपापल्या नेहमीच्या जागी बसल्या. हात रिकामे असल्यामुळे त्यांचं काय करावं ते कोणाला कळत नव्हतं. मी आधीच सांगितलं, आज जसं छापलंय तसंच वाचते, एकही शब्द बदलणार नाही. आणि तसं वाचलं. गाडी आली, धूर आला, गुलमोहर आला. मी मधूनमधून थांबत होते, सवयीनं, कोणी अडवेल म्हणून. कोणी अडवलं नाही. ज्या बायकांनी पहिल्याच पानावरच्या नावा बुडवल्या होत्या, त्या रेल्वेचं इंजिन नेरच्या स्टँडवर येऊन उभं राहिलं तरी गप्प बसल्या. पांढऱ्या साडीत लग्न लागलं तरी खाला बोलली नाही. मी शेवटचं पान वाचलं आणि पुस्तक मिटलं.

तेवढ्यात लाइन गेली. उन्हाळ्यात रोज जाते, त्यात काही विशेष नाही. पण कूलरचा आवाज महिनाभर कानात बसलेला असतो आणि तो थांबला की घर एकदम मोठं होतं.

शेजारीण म्हणाली, "हे नाही थे. हे दुसरीच कोनी हाय." तिच्या आवाजात मला सुटका झाल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. पुस्तकातल्या मुलीचं लग्न लागून गेलं होतं. तिच्याशी आता हिचा संबंध नव्हता.

मग सुनेनं विचारलं, अगदी हळू, "मंग आपली कुठं हाय?"

आणि आम्ही चौघींनी ते ऐकलं. बाहेर गल्लीत कोणीतरी चालत होतं. एक पाऊल पडायचं, आणि दुसरं घासत यायचं. फार घाई नव्हती. आवाज खालाच्या गॅरेजच्या बाजूनं आला, माझ्या दारावरून गेला आणि मागच्या गल्लीकडे वळतो त्या कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. सुनेनं माझा पदर धरला होता. खालाचे ओठ हलत होते. मी स्वतःला सांगत होते की दुपारचं कोणीही जाऊ शकतं, चप्पल कोणाचीही तुटू शकते. आणि उठत मात्र नव्हते.

शेजारीण उठली. तिनं दार उघडलं. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. ऊन इतकं होतं की डोळे मिटायला झाले. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी. गॅरेजच्या सावलीत एक कुत्रं आडवं पडलेलं होतं. अनोळखी माणूस गेला तर ते हमखास भुंकतं. त्यानं मान उचललेली नव्हती. शेजारीण उंबऱ्यात उभी राहून कोपऱ्याकडे बघत राहिली. नंतर तिनं चप्पल घातली आणि म्हणाली, भावाकडे जाऊन येते.

तिनं तिथे काय सांगितलं ते मला तिच्या भावाकडूनच कळलं, अक्षय तृतीयेला मी त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा. तो बुटका, शांत माणूस आहे, त्याचे डोळे बहिणीसारखे आहेत. आत देवघरापाशी दोन घागरी भरलेल्या होत्या, त्यांच्या तोंडांवर आंबे, पुढे पळसाच्या पत्रावळींवर पुरणपोळी, आमरस, कुरडई. तिसरी घागर तिथे नव्हती. ती दारात, कडुनिंबाखालच्या ओट्यावर ठेवलेली होती. पाणी भावानं भरलं होतं. आंबा बहिणीनं ठेवू दिला नाही. त्याऐवजी तिनं वर झाकण ठेवलं आणि झाकणावर स्टीलचा पेला पालथा घातला, जसं आपण येणाऱ्याजाणाऱ्यासाठी ठेवतो तसं. भाऊ म्हणाला, "मी म्हटलं, तिले पानी भेटू दे. थे म्हने, भेटू दे, पन बाहेर भेटू दे. मंग दोघायचं जमलं."  जेवणं झाली. ऊन चढलं तशी सगळी आत जाऊन आडवी झाली आणि मी घरी आले.

चार वाजले असतील की नसतील, शेजारीण मला बोलवायला आली. जरा चला, एवढंच म्हणाली. आम्ही दोघी मागच्या गल्लीत गेलो. तिनं पेला तसाच पालथा बाजूला ठेवला आणि झाकण उचलून मला घागर दाखवली. पाणी निम्म्याच्या खाली गेलं होतं.

मी म्हणाले, नवी माती आहे, झिरपते. पहिल्या दिवशी पुष्कळ झिरपते. तिनं घागर थोडी उचलली आणि मला खाली हात लावायला सांगितलं. ओटा कोरडा होता, तापलेला. मी म्हणाले, एवढ्या उन्हात झिरपलेलं लगेच वाळून जातं. ती हो म्हणाली. ते तिलाही पटत होतं. मग तिनं पेला सरळ करून माझ्या हातात दिला.

तो आतून ओला होता.

मी गल्लीच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. कोणी नव्हतं. कोणी तरी येऊन प्यायलं असणार. त्यासाठीच तर ठेवली होती. सणाच्या दिवशी भर उन्हात तहानलेलं माणूस थांबतंच. मी हे तिला सांगणार होते, पण तिनं काही विचारलंच नाही. ती आत गेली, कळशी भरून घेऊन आली आणि घागर पुन्हा काठोकाठ भरली. झाकण ठेवलं. पेला माझ्या हातातून घेतला, आणि न विसळता, तसाच पालथा घातला.